युटात नवीन आलात? रविवारचं आधी ठरवा

लीहाय-ड्रेपरच्या आयटी पट्ट्यात नोकरी लागली की आपली माणसं मला फोन करतात ते घरभाड्यासाठी, शाळेसाठी, नाहीतर बर्फात गाडी चालवायची कशी ते विचारायला. रविवारबद्दल कुणी विचारत नाही. आणि पहिला महिना संपायच्या आत तक्रार येते ती रविवारचीच: "ताई, इथली माणसं रविवारी जातात तरी कुठे?"

चर्चला जातात, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चला. पण सगळी जात नाहीत, आणि जी जायची थांबली आहेत त्यांच्याशी तुमची गाठ लवकरच पडणार आहे. कुणी टीममध्ये असेल, कुणी शेजारी, नाहीतर माझ्याकडे आहे तसा थेट घरात. माझा नवरा इथलाच. मॉर्मन घरात वाढलेला, दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाऊन आलेला. लग्नानंतर त्यानं चर्च सोडलं. इकडच्या जोडीदाराशी लग्न करून, चर्च सोडलेल्या घरात नव्यानं आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी मी मुख्यतः हे लिहितेय. बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी व्यवहाराचं उरकते. प्रोव्होपासून ऑग्डेनपर्यंत धावणारी फ्रंटरनर रेल्वे रविवारी बंद असते. गाडी घ्यायच्या आधी सॉल्ट लेकला फिरायला जायचा बेत असेल तर शनिवार पकडा. ट्रॅक्स ही शहरातली छोटी रेल्वे रविवारी चालते, पण जरा थांबायची तयारी ठेवून. वाइन आणि कडक दारू विकणारी सरकारी दुकानं रविवारी बंद, सणाच्या सुट्टीलाही बंद. पाहुणे येणार असतील तर शनिवारी संध्याकाळी धावपळ ठरलेली. किराणा दुकानात 5 टक्क्यांपर्यंतची बिअर मिळते, ही सोय 2019 पासूनची. सिटी क्रीक हा सॉल्ट लेकच्या मध्यावरचा झगझगीत मॉल चर्चच्याच पैशातून 2012 साली उभा राहिला, तिथली दुकानं रविवारी बंद. आर. सी. विली हे इथलं फर्निचरचं मोठं दुकान 1995 मध्ये वॉरन बफे यांच्या कंपनीनं घेतलं, पण त्यांच्यासाठीसुद्धा रविवारचं कुलूप निघालं नाही. कॉस्टको उघडं असतं. रविवारी सकाळी तिथं कोण भेटतं ते बघा: आपण, मेक्सिकन कुटुंबं, आणि हातात कॉफीचा कप घेतलेली, चर्च सोडलेली मंडळी.

आता वॉर्ड म्हणजे काय ते समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इथं कुठल्या चर्चमध्ये जायचं ते आवडीनिवडीवर नसतं, पत्त्यावर असतं. तुमच्या आजूबाजूच्या काही गल्ल्या मिळून एक वॉर्ड. एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड पाळीपाळीनं बसतात. बिशप पगारी नसतो. आठवडाभर दात काढणारा किंवा हिशेब तपासणारा माणूस रविवारी बिशप असतो. प्रत्येकाला काहीतरी काम नेमून दिलेलं, त्याला कॉलिंग म्हणतात. कुणी पियानो वाजवतं, कुणी लहान मुलांचा वर्ग घेतं. 2019 पर्यंत रविवारची बैठक तीन तासांची होती, आता दोन तासांची आहे, पण त्या दोन तासांवर जाऊ नका. आधीची मीटिंग, नंतरची मीटिंग, संध्याकाळी तरुण मुलांचा कार्यक्रम, असा दिवस जातो. बाळंतपण झालं की त्याच वॉर्डातून जेवणाचे डबे येतात. घर बदलायचं म्हटलं की डझनभर पुरुष पिकअप घेऊन दारात हजर.

म्हणजे चर्च सोडणाऱ्याचं नुसतं प्रवचन सुटत नाही. आपल्याकडे माळकरी घरातल्या पोरानं माळ उतरवली की कीर्तन सुटतं हे खरं, पण त्याहून जास्त अवघड होते ती पंगत. ताटात काय वाढायचं या विचारानं आईचा हात थांबतो. तसंच हे. फक्त इथं अख्खी गल्लीच दिंडीत असते.

चर्च सोडलेले लोक एक विनोद सांगतात: सोडल्यावर पगार 10 टक्के वाढतो आणि आठवड्यात दोन शनिवार येतात. दहा टक्के म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दशांश. विनोद चांगला आहे, पण तो सोडून बरेच दिवस झालेले लोक सांगतात. नुकतं सोडलेल्याला तो दुसरा शनिवार खायला उठतो. माझा नवरा सुरुवातीला रविवारी नेहमीच्याच वेळी उठायचा, अंघोळ करायचा आणि मग कपाटासमोर उभा राहायचा. पांढऱ्या शर्टांची अख्खी रांग, आणि त्यातला एकही घालायचा नाही. गवत कापायचं यंत्र तो गॅरेजच्या दारापर्यंत ओढत आणायचा आणि समोरच्यांची गाडी चर्चला निघेपर्यंत चालू करायचा नाही. रविवारी गवत कापणं म्हणजे इथं जाहीर निवेदन असतं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. दोन तासांनी ती गाडी परत यायच्या आत कापून, झाडून, यंत्र आत. मी म्हटलं, अरे, हे तर शाळा बुडवलेल्या पोरासारखं झालं. तो हसला नाही.

म्हणून पहिला सल्ला, आणि तोच महत्त्वाचा: रविवार आधी माणसांनी भरा, कार्यक्रमांनी नंतर. ब्रंच, ट्रेकिंग, सिनेमा हे सगळं दोन-तीन महिने छान वाटतं. मग जाणवतं की आठवड्यातून एकदा, न ठरवता, न बोलावता दिसणारी माणसं गेली ती गेलीच. आपलीही गत तीच असते, फक्त आपली माणसं विमानानं सुटलेली असतात. त्यामुळे या दोन मंडळींचं जमतं. आमच्याकडे रविवारी सकाळी कांदेपोहे ठरलेले आहेत. कुणाला आमंत्रण नाही, कुणाला कारण विचारणं नाही, यायचं असेल त्यानं दहाच्या सुमारास यायचं. चर्च सोडलेली दोन-तीन जोडपी येतात, आपल्यातली नवी मुलं येतात. एक गोष्ट मात्र पक्की ठेवा: दर रविवारी, पाऊस असो, बर्फ असो. "या वेळी नको, पुढच्या वेळी बघू" सुरू झालं की संपलं.

चहाचं सांगायचं राहिलं. चर्चच्या नियमात चहा, कॉफी, दारू, तंबाखू बसत नाही. चर्चला जाणारा शेजारी घरी आला तर दुधातला आल्याचा चहा पुढे करून त्याला पेचात टाकू नका. लिंबू सरबत द्या, कोकम द्या, गवती चहाचा नुसता काढाही चालतो. सोडलेल्याला मात्र विचारा. कुणी पन्नाशीत पहिल्यांदा चहा पितो आणि तीन चमचे साखर मागतो. त्याच्यावर हसू नका. कुणी सोडूनही पीत नाही, कारण जीभच तशी घडलेली असते. चर्च सोडलं म्हणजे हा आता सगळं खातो-पितो असं धरून ग्लास भरणारे आपल्यातलेच उत्साही वीर मी पाहिलेत. त्यांना आवरा.

तसाच उत्साह देवळाच्या बाबतीतही आवरा. साउथ जॉर्डनचं गणपतीचं देऊळ, स्पॅनिश फोर्कचं राधाकृष्णाचं देऊळ, दोन्ही आपल्याला जवळची वाटणार. स्पॅनिश फोर्कला वसंतात होणाऱ्या रंगोत्सवात तर मॉर्मन कॉलेजची पोरं झुंडीनं येतात. पण एका धर्मातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला लगेच दुसऱ्या गाभाऱ्यासमोर उभं करू नये. माझा नवरा आम्हाला गाडीतून पोचवतो, बाहेर पुस्तक वाचत बसतो आणि प्रसादाला बरोबर वेळेवर येतो. माझ्या आईला हे सुरुवातीला पटलं नव्हतं. आता ती फोनवर त्याला "प्रसाद मिळाला ना?" एवढंच विचारते.

सासरच्या रविवारच्या जेवणाला जात जा. चर्चला जायच्या आधी मंद आचेच्या विजेच्या भांड्यात लावून ठेवलेला मांसाचा रोस्ट, बटाटे, जेली घातलेलं काहीतरी हिरवं किंवा केशरी. शाकाहारी असाल तर आधी कळवा आणि आपली एक भाजी घेऊन जा. लोक आवडीनं खातात, तिखट तेवढं बेतानं. जेवणाआधी प्रार्थना होते. हात जोडत नाहीत, हाताची घडी घालून मान खाली घालतात. तुम्ही नुसते शांत बसलात तरी चालतं, आणि चर्च सोडलेल्या तुमच्या नवऱ्यानं किंवा बायकोनं डोळे उघडे ठेवले तर टेबलाखालून पाय मारू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास असतो, त्या दिवशी जेवण उशिरा आणि चिडचिड लवकर.

पुतण्या मिशनवर निघताना चर्चमध्ये भाषण करतो, बाळाचं नाव ठेवतात, तेव्हा बोलावणं येतं. जा. त्या सभेत पाव आणि पाणी यांचे ट्रे रांगेतून हातोहात फिरतात, बारा-तेरा वर्षांची मुलं ते घेऊन उभी असतात. तुम्हाला घ्यायचं नसेल तर ट्रे पुढे सरकवायचा, कुणी काही म्हणत नाही. खरी परीक्षा तुमच्या जोडीदाराची. तोच ट्रे तो पुढे सरकवतो तेव्हा त्याची आई बघते. त्या वेळी त्याच्या शेजारी तुम्ही बसा, मध्ये मूल बसवू नका. टेंपलमधलं, म्हणजे फक्त चर्चच्या निष्ठावान सदस्यांना प्रवेश असलेल्या खास वास्तूतलं, लग्न असलं तर आत जाता येणार नाही, तुम्हालाही नाही आणि त्यालाही नाही. बाहेर थांबून फोटोत यायचं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला बाहेर बाकावर बसणं काय असतं, ते त्यालाच माहीत.

वॉर्डातली माणसं घरी येतील. बिस्किटांची थाळी आणतील, "तुमची आठवण येते" म्हणतील. थाळी घ्या, आभार माना. पुन्हा यायचं सांगितलं तर स्पष्ट आणि गोड शब्दांत नको म्हणा, दारात उभं राहून धर्मचर्चा करू नका. बर्फ पडल्यावर तुमच्या दारातला रस्ता न सांगता साफ करणारा माणूस बहुधा यांच्यातलाच असेल. आणि त्यांच्यासमोर मॉर्मन हा शब्द टाळा. 2018 पासून चर्चनंच तो नको म्हटलंय.

मुलांचं थोडं अवघड असतं. वर्गातली निम्मी मुलं रविवारी खेळायला येत नाहीत. काही घरांत त्या दिवशी वाढदिवस नाही, सामने नाहीत. चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघसुद्धा रविवारी मैदानात उतरत नाही, तिथं आठ वर्षांच्या पोराचं काय घेऊन बसलात. "मला का नाही बोलावलं" हे तुम्हाला ऐकावं लागणार. वाढदिवस शनिवारी ठेवा, आणि रविवारसाठी दोन-तीन घरं शोधून ठेवा जिथं मूल सहज जाऊ शकेल.

चर्च सोडलेल्यांना बहुतेक वेळा सर्वांत जास्त आठवण येते ती गाण्यांची. टॅबरनॅकल क्वायर या चर्चच्या गायकवृंदाचं रविवार सकाळी साडेनऊचं प्रक्षेपण 1929 पासून चालू आहे. आमच्याकडे ते कधी कधी रेडिओवर लावतात आणि मधलं बोलणं आलं की आवाज कमी करतात. सोडलंस ना, मग ऐकतोस कशाला, असं विचारायचा मोह मलाही होतो. विचारत नाही. विठ्ठलाला न मानणारे माझे काका भीमसेनांचा अभंग लागला की टीव्ही बंद करू देत नसत.

एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी जनरल कॉन्फरन्स, म्हणजे अख्ख्या चर्चचं अधिवेशन, असते. वॉर्डात सभा नसतात, घरोघरी टीव्ही चालू असतो, सॉल्ट लेकच्या मध्यावर हजारो माणसं लोटतात. तेव्हा तिकडे गाडी घालू नका. त्या दोन दिवसांत सोडलेल्या माणसाच्या फोनवर नातेवाइकांचे भाषणांचे दुवे येत राहतात. ऑक्टोबरात डोंगरावरचे अ‍ॅस्पेन पिवळे झालेले असतात आणि बऱ्याच घाटांत फोनला रेंज नसते, याचा फायदा घ्या.

शेवटची बारीकशी गोष्ट. एकाच इमारतीतले वॉर्ड जानेवारीत वेळा बदलतात. नऊला जाणारे अकराला किंवा एकला जायला लागतात, आणि त्याबरोबर सासरचं जेवणही दुपारी दोनचं संध्याकाळी पाचवर जातं. हे तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही, कारण त्यांच्या मते ते सगळ्यांना माहीतच असतं. डिसेंबरात विचारून ठेवा.