शेती सांभाळून सरपंचकी : नव्याने निवडून आलेल्यांसाठी थोडं

गुलाल अंगावरून उतरायच्या आत लोक दारात येतात. कुणाची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळालेली असते, कुणाला रहिवासी दाखला पाहिजे, कुणाचा बांधाचा वाद. आता डीपी महावितरणची, बांधाचं तहसीलला, या दोन्हीतलं ग्रामपंचायतीच्या हातात काहीच नाही, पण असं तोंडावर सांगून चालत नाही राव, फोन लावावाच लागतो.

मानधनाचं आधीच सांगतो. 2024 ला ते दुप्पट झालं, 2000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला महिना 6000. पंचायत समितीच्या चकरा आणि दारात येणाऱ्यांचा चहा यातच ते जातं, त्यामुळे घर शेतीवरच चालणार हे धरून चला. आमच्याकडे सोयाबीन, तूर, मागून हरभरा. रात्रपाळीची लाईट असली की पहाटेपर्यंत पाणी द्यायचं आणि सकाळी मिटिंगला जाऊन बसायचं, डोळे लाल बघून लोक भलतंच समजतात ते वेगळं.

खरी पंचाईत ग्रामसभेची. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा आणि त्याच दिवसांत सोयाबीन काढणी, मळणीयंत्र दारात उभं, वर ढग, अशात माणूस येणार कसा? कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते, आणि तेवढेही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणजे पाच-दहा जणांत गावाचा आराखडा मंजूर. हे कायद्यात बसतं पण पुढं वर्षभर "आम्हाला कुणी विचारलं" हे ऐकत बसावं लागतं. त्यापेक्षा आधी चार दिवस संध्याकाळी देवळासमोर बसून कामांची यादी लोकांना वाचून दाखवा. महिला सभा आधी घ्यायची असते, ती नुसती कागदावर उरकू नका, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीला कमी वेळ सुटतो हे तिथंच कळतं.

पैशाचं गणित पण समजून घ्या. पंधराव्या वित्त आयोगात (म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा पैसा) 2021 पासून 60 टक्के निधी बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. लोकांना मात्र आपल्या दारापुढं पेव्हर ब्लॉकच पाहिजे असतात! आता नियम काय चालू आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (म्हणजे आपले ग्रामसेवकच, नाव बदललंय) लेखी घ्या आणि बोर्डावर लावा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

प्रोसिडिंग बुक (सभेतले ठराव लिहितात ती वही) वाचल्याशिवाय सही नाही. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा राहिली तर आडवी रेघ मारा, मगच सही, कारण त्या जागेत नंतर एखादा ठराव आपोआप उगवतो. तसंच डिजिटल सहीचा डोंगल, तो पेनड्राइव्हसारखा असतो तो. "साहेब राहू द्या इथंच, तुमचा हेलपाटा वाचेल" असं गोड बोलतात. नाही ठेवायचा, पेमेंट त्यावरच निघतं.

पाण्याच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारला जाऊन या जरूर, पण फोटो काढून परतू नका. 1989 ला पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर तिथं शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि पाण्याचा ताळेबंद (किती पाणी आहे, किती लागणार याचा हिशोब) ग्रामसभेत मांडून पिकं ठरतात. तिथून आल्यावर आपल्याच शेतातला ऊस आडवा येतो बघा. दुसऱ्याला बोअर मारू नको म्हणायला सरपंचाचं स्वतःचं रान आधी तसं पाहिजे, नाहीतर पारावर लोक सोलून काढतात.

अजून एक, पद जातं ते बहुतेक वेळा साध्या गोष्टीवरून. घरपट्टीचं बिल हातात आल्यापासून 3 महिन्यांत भरलं नाही तर अपात्रतेचा अर्ज होऊ शकतो. घरच्यांचं सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी तेच, मग तो गोठ्याचा एक कोपरा का असेना. पंचायतीचं काम भावाच्या नावावर घेणं तर विसराच. विरोधक हे सगळं तुमच्या आधी मोजून बसलेले असतात, तेव्हा एप्रिल-मेमध्येच सगळी पट्टी भरून टाका आणि पावती पंचायतीच्या कपाटात नाही, घरी ठेवा.