‘सिटिझन’ कुठे, ‘पर्सन’ कुठे: अमेरिकी राज्यघटना वाचताना या चुका टाळा

दर रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या गावच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत मी नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करून घेते. चौदा वर्षं झाली. येणारे निम्मे मराठी, बाकीचे तेलुगू आणि गुजराती. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकजण एकच गोष्ट मागतो: “ताई, प्रश्नांची यादी द्या, दोन आठवड्यांत पाठ करून टाकतो.”

यादी सरकारच फुकट देतं. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्न आहेत. अधिकारी त्यातले २० पर्यंत तोंडी विचारतो, १२ बरोबर आले की झालं. पाठांतराची आपल्याला लहानपणापासून सवय आहे, त्यामुळे या १२ प्रश्नांवर अडकलेलं माणूस मी क्वचितच पाहिलंय. माणसं अडकतात ती परीक्षेच्या बाहेर. परवान्याच्या खिडकीपाशी, रस्त्यावर पोलिसांनी थांबवल्यावर, नोकरी गेल्यावर. “घटनेत किती दुरुस्त्या?” याला “सत्तावीस” असं झोपेतही सांगणाऱ्यांनी त्यातली एकही उघडून वाचलेली नसते. आणि मूळ घटना सगळी मिळून जेमतेम साडेचार हजार शब्दांची आहे. दुपारच्या चहाआधी वाचून होते. यादी पाठ करायला दोन आठवडे देणाऱ्यांनी हा एक तास का द्यायचा नाही, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

ग्रीन कार्ड म्हणजे ‘जवळजवळ’ नागरिकत्व, असं समजणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण तिची किंमत मी जवळून पाहिली आहे.

साताऱ्याकडच्या एक काकू. मुलाकडे आलेल्या, ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झालेली. गाडीचा परवाना काढायला गेल्या. मुलगा बाहेर गाडी लावत होता. खिडकीतल्या बाईने भराभर प्रश्न विचारले आणि समोरच्या पडद्यावर बोट ठेवायला सांगितलं. मतदार म्हणून नोंदणी करायची का? काकूंना वाटलं, परवान्याचाच भाग असेल. हो. तुम्ही अमेरिकेच्या नागरिक आहात का? काकूंना ऐकू आलं ते “इथेच राहता ना?” असं. हो. सही केली, फोटो काढला, घरी आल्या.

परवान्याच्या कार्यालयातच मतदार नोंदणी विचारायची, ही तरतूद १९९३ च्या कायद्याने आली. नागरिकांसाठी ती मोठी सोय आहे. पण ग्रीन कार्डवाल्याने तिथे ‘हो’ म्हणणं म्हणजे आपण नागरिक असल्याचा खोटा दावा करणं. परदेशी माणसाला देशाबाहेर काढायला एवढं कारण कायद्याला पुरेसं आहे, आणि हे कलम अतिशय कडक आहे. काकूंच्या घरी दोन महिन्यांनी मतदार ओळखपत्र टपालाने आलं. घरात सगळ्यांना आनंद झाला. कोणीतरी ते फ्रिजवर लावलं.

काकूंनी मतदान केलं नाही, हे त्यांचं नशीब. त्या दिवशी गुडघा दुखत होता. दोन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज भरायला माझ्याकडे आल्या. तुम्ही कधी नागरिक असल्याचा दावा केला आहे का, कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं आहे का, हे प्रश्न मी मोठ्याने वाचले. त्या म्हणाल्या, “अगं, ते कार्ड आलंय की आमच्याकडे.” मी पेन खाली ठेवलं.

पुढे वकील, नोंदणी रद्द करण्याचं लेखी पत्र, त्याची पोच, झालेल्या प्रकाराचं शपथपत्र. वकिलाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत येताना विमानतळावर अडवतील. अर्ज अडीच वर्षं रखडला. शेवटी मंजूर झाला. पण मधल्या काळात त्यांचे थोरले भाऊ गेले, आणि काकूंनी अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं. एका चुकीच्या जागी ठेवलेल्या बोटामुळे.

म्हणून माझ्या वर्गातला नियम: सरकारी खिडकीवर आपल्या वतीने कोणालाही उत्तर देऊ द्यायचं नाही, आणि कळला नाही तर तोच प्रश्न तीन वेळा विचारायचा, मागे कितीही रांग असो. ज्युरीचं, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, बोलावणं टपालाने आलं तर फेकायचं नाही. “मी नागरिक नाही” या चौकटीत खूण करून परत पाठवायचं आणि प्रत जपून ठेवायची. चूक होऊन गेली असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर “माझ्या मेहुण्याचं काही झालं नाही” असं सांगणारा माणूस तुमच्याबरोबर मुलाखतीला येणार नसतो.

याच चुकीची दुसरी बाजूही तितकीच वाईट. “आपण नागरिक नाही, आपल्याला कसले हक्क?” असं म्हणून मान खाली घालणारे. पाचवी दुरुस्ती उघडा. तिच्यात ‘सिटिझन’ हा शब्दच नाही, ‘पर्सन’ आहे. चौदाव्या दुरुस्तीतही कायद्याची रीतसर प्रक्रिया आणि समान संरक्षण ‘पर्सन’ला दिलंय. हा फरक सुप्रीम कोर्टाने १८८६ मध्येच मान्य केला. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायला परवानगी लागे. दोनशेच्या आसपास चिनी लोकांचे अर्ज नाकारले गेले आणि इतरांना मात्र परवानगी मिळत गेली. यिक वो या धोबीखान्याचा खटला वर गेला, आणि कोर्टाने एकमताने सांगितलं की हे संरक्षण नागरिकांपुरतं नाही. त्या काळी चिनी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याची सोयच नव्हती. आपल्या भारतीयांनाही १९२३ च्या भगत सिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि ते दार १९४६ च्या कायद्याने उघडलं. त्या तेवीस वर्षांत इथे राहिलेल्या भारतीयांच्या हाती ‘पर्सन’ हा एकच शब्द होता.

मतदानाचं मात्र उलट. पंधरावी दुरुस्ती १८७०, एकोणिसावी १९२०, चोविसावी १९६४, सव्विसावी १९७१: चारही ठिकाणी शब्द ‘सिटिझन’.

पहिली दुरुस्ती साहेबाला दाखवणं

माझ्या वर्गात एक तरुण इंजिनियर यायचा. हुशार, तापट. त्याचा वरिष्ठ बैठकीत सगळ्यांसमोर त्याच्या उच्चारांची नक्कल करायचा. याने वैतागून समाजमाध्यमावर कंपनीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्याला काढून टाकलं. तो माझ्याकडे आला तेव्हा हातात जाड फाइल होती: कंपनीला लिहिलेली पत्रं, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला पहिली दुरुस्ती ठळक अक्षरांत. माझं भाषणस्वातंत्र्य तुम्ही हिरावलं, मी कोर्टात खेचेन.

मी म्हटलं, पहिला शब्द वाच. पहिला शब्द आहे ‘काँग्रेस’, म्हणजे अमेरिकेची संसद. काँग्रेसने असा कायदा करायचा नाही. बांधलंय ते सरकारला. चौदाव्या दुरुस्तीमुळे हे बंधन विसाव्या शतकात राज्य सरकारांवर, पर्यायाने गावच्या कौन्सिलवर आणि सरकारी शाळेवरही आलं. पण खासगी कंपनीला, घरमालकांच्या संघटनेला किंवा फेसबुकला ही दुरुस्ती काही सांगत नाही.

मन विषण्ण करणारी गोष्ट पुढची. त्याच्याकडे खरी तक्रार होती. उच्चारांवरून, मूळ देशावरून नोकरीत सतत छळ होणं हे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरुद्ध असू शकतं, आणि तो कायदा पंधरा किंवा जास्त नोकर असलेल्या खासगी कंपन्यांना लागू आहे. पण त्याची तक्रार संघराज्याच्या समान रोजगार संधी आयोगाकडे (ईईओसी) १८० दिवसांत करावी लागते, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत. तो पत्रं लिहीत राहिला आणि माझ्याकडे आला तो अकराव्या महिन्यात. मी ओळखीच्या वकीलबाईंकडे पाठवलं. त्यांनी तारखा मोजल्या आणि फाइल मिटून परत दिली.

आपल्या लोकांकडून ही गफलत का होते, याचा मी बराच विचार केलाय. भारताची राज्यघटना काही ठिकाणी थेट माणसामाणसांतल्या व्यवहारात हात घालते. कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली ती सरकारपुरती नाही, शेजाऱ्यालाही ती पाळता येत नाही. कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी यांचं नाव घेतं. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. घटनेत हक्क लिहिले तरी समाज ते कसे पायदळी तुडवतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या घटनेखाली वाढलेल्या माणसाला वाटतं की घटना सगळ्यांनाच बांधते. अमेरिकेच्या घटनेत खासगी माणसाला थेट बांधणारं ठळक उदाहरण म्हणजे १८६५ ची तेरावी दुरुस्ती, गुलामगिरी बंद करणारी. बाकी खासगी अन्यायासाठी घटना नव्हे, कायदा शोधावा लागतो. आणि कायद्याला मुदत असते. ती आधी बघा, पत्र नंतर लिहा.

थोडक्यात उरकण्यासारख्या

जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे शब्द घटनेतले नाहीत, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले. घटना १७८७ ची.

हक्कांचा जाहीरनामा मूळ घटनेत नव्हता. पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये आल्या, आणि त्याही राज्यांना लागू नाहीत असं कोर्टाने १८३३ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं.

राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला म्हणजे कायदा झाला, असं नाही. कायदा आणि तिजोरी काँग्रेसच्या हातात. राष्ट्राध्यक्षांचा नकारही दोन्ही सभागृहांच्या दोन तृतीयांश मतांनी मोडता येतो.

देशभरात जास्त मतं मिळाली म्हणजे निवडून आला, हेही नाही. राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० लागतात. २००० आणि २०१६ आठवा, दोन्ही वेळा देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार जिंकला.

“अमेरिकेत कायदा काय आहे?”

हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या राज्यात, आणि राज्याचा कायदा की संघराज्याचा? परवाना, शाळा, लग्न, घटस्फोट, बहुतेक गुन्हे हे सगळं राज्याचं. नागरिकत्व संघराज्याचं. हा फरक न कळल्याने हल्ली जे घडतंय त्याने मला झोप लागत नाही. कोपऱ्यावर गांजाचं दुकान उघडतं, पाटी लावून, कर भरून. पोरं म्हणतात, आता कायदेशीर आहे. राज्यापुरतं, हो. संघराज्याच्या कायद्यात ते अजून निषिद्धच आहे, आणि नागरिकत्वाचा अधिकारी संघराज्याचा कायदा बघतो. हातात ग्रीन कार्ड आहे तोवर त्या दुकानात जायचं नाही, तिथे नोकरीही करायची नाही. यावर मी वर्गात चर्चा करत नाही.

पोलिसांनी थांबवल्यावर

हात स्टिअरिंगवर. परवाना आणि गाडीची कागदपत्रं मागितली की द्यायची, वाद नाही. पण “डिकी बघू का?” असं गोड आवाजात विचारलं तर लक्षात घ्या की ती विनंती आहे. चौथी दुरुस्ती विनाकारण झडतीपासून तुमचं रक्षण करते, पण तुम्ही ‘हो’ म्हटलंत की ते रक्षण तुम्हीच सोडून दिलंत. आपल्याकडच्या माणसांना वर्दीला नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो. मी काका-काकूंकडून एक वाक्य मोठ्याने दहादा म्हणून घेते: “आय डू नॉट कन्सेंट टु अ सर्च.” शांत आवाजात. तरी त्यांनी डिकी उघडलीच तर आडवं जायचं नाही. ते वकील बघेल.

गप्प बसण्याचा हक्क नुसतं गप्प बसून मिळत नाही. २०१३ च्या सॅलिनस खटल्यानंतर, अटक झालेली नसताना चौकशीत नुसतं मौन धरलं तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. म्हणून “मी माझा मौनाचा हक्क वापरतोय, मला वकील हवा” असं तोंडाने सांगायचं. आणि १९६६ च्या मिरांडा निकालातली “तुम्हाला गप्प बसण्याचा हक्क आहे” ही प्रसिद्ध सूचना फक्त ताब्यात घेऊन प्रश्न विचारताना द्यावी लागते. ती दिली नाही म्हणून खटला आपोआप पडतो, हे सिनेमातलं ज्ञान आहे.

माझी पद्धत

तीन रंगीत पेन्सिली. घटनेची छोटी पुस्तिका घ्यायची. ‘सिटिझन’ दिसला की लाल, ‘पर्सन’ किंवा ‘पीपल’ दिसलं की निळा, आणि ते वाक्य कोणाला बांधतंय, काँग्रेसला, राज्याला की सगळ्यांना, तिथे हिरवा. चौदाव्या दुरुस्तीचं पहिलं कलम सर्वांत आधी रंगवायचं, कारण तिथे तिन्ही रंग एकाच परिच्छेदात येतात. चाळीस मिनिटं लागतात. “ॲपवर रंगवलेली तयार प्रत मिळते का?” असं विचारणाऱ्यांना मी पेन्सिलच देते.

आईवडिलांना घेऊन येणाऱ्या मुलांसाठी एक: वय ६५ आणि ग्रीन कार्डला २० वर्षं झाली असतील तर फक्त २० प्रश्नांची वेगळी यादी असते, त्यातले १० विचारतात, ६ बरोबर लागतात, आणि दुभाषी नेऊन मराठीतून उत्तरं देता येतात. तरीही त्यांना पेन्सिली द्या. गेल्या रविवारी ७१ वर्षांच्या एका आजोबांनी ‘पर्सन’भोवती निळी रेघ ओढली आणि विचारलं, “म्हणजे मी इथे उतरलो त्या दिवसापासून हे माझंच होतं?” हो आजोबा, त्या दिवसापासून.