माती ओली, तरी शेवंती मान टाकते: कारण सापडलं

पाणी कमी करून पाहिलं, कुंडी सावलीत ठेवली, फरक शून्य. शेवंतीपाठोपाठ गुलाबही गेला, फार वाईट वाटलं. पुढचं रोप जरा हलवलं तर अलगद हातातच आलं. मुळंच उरली नव्हती! कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली. मातीत जाडजूड, पांढरट, अर्धगोल वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. ही हुमणी, उसाचं, भुईमुगाचं नुकसान करते तीच. वळवाच्या पावसानंतर हिचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीचा पाला खातात, आणि मादी मातीत अंडी घालते. माझ्याकडे त्या बहुतेक अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आल्या. पोत्यात उरलेल्या खतातही तशाच अळ्या निघाल्या.

अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. माती प्लास्टिकवर पातळ पसरून कडक उन्हात वाळवली. कुंडी पुन्हा भरताना मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी मित्रबुरशी मिसळली. तिला ओलावा लागतो, कोरड्या मातीत टाकून उपयोग नाही. नव्या शेवंतीला आता कळ्या धरल्यात.

शेणखत मी चाळून घेते. काळं, भुसभुशीत, शेणाचा वास पूर्ण गेलेलं असेल तरच. माती ओली असूनही रोप सुकत असेल तर खत घालत बसू नका, आधी कुंडी पालथी करून मुळं बघा.