डच ऑफिसात भीड ठेवू नका

नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला किंवा ॲमस्टेलव्हेनला नोकरी लागली की आपली माणसं घराबद्दल विचारतात, शाळेबद्दल विचारतात, तांदूळ-डाळ कुठे मिळते ते विचारतात. ऑफिसात वागायचं कसं, हे फारसं कोणी विचारत नाही. काम येतं ना, मग झालं, असं वाटतं. मी आइंडहोव्हनजवळच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग बघते. पुण्याहून, बंगळुरूहून आलेली चांगली तयारीची मुलंमुली इथे सुरुवातीला अडखळतात. काम त्यांना उत्तम येत असतं. अडवते ती भीड. साहेबांना नाही कसं म्हणायचं, वयाने मोठ्या माणसाची चूक कशी काढायची, नवीन असताना रजा कशी मागायची. भीड भिकेची बहीण, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. इथे ते रोज पाळावं लागतं.

एक प्रसंग सांगते. आमच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्ट बघणाऱ्या बाईंनी एका नव्या मुलाला विचारलं, ‘चौदा तारखेला टेस्ट रिपोर्ट मिळेल?’ चाचणीचं यंत्र त्याला अठराशिवाय मिळणार नव्हतं आणि ते त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, ‘हो, प्रयत्न करतो.’ पुण्यात समोरच्याने यातला ‘प्रयत्न’ ऐकला असता आणि संध्याकाळी जागेवर येऊन खरं काय ते विचारलं असतं. इथे बाईंनी ‘हो’ ऐकलं आणि बोर्डावर चौदा लिहिलं. शेजारी बसलेल्याने त्याच तारखेवर ग्राहकाची भेट ठरवून टाकली. तेराला सगळं उघड झालं तेव्हा बाई चिडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. एकच विचारलं, ‘हे तुला त्या दिवशीच माहीत होतं ना?’ उशिराचं त्यांना फार वाटलं नव्हतं, माहीत असून सांगितलं नाही याचं वाटलं होतं. पुढचे दोन-तीन महिने त्या मुलाची प्रत्येक तारीख कोणीतरी दुसऱ्यांदा विचारून घेत होतं.

त्या दिवशी त्याने म्हणायला हवं होतं ते अगदी साधं आहे. ‘चौदाला होणार नाही. यंत्र मला अठराला मिळतंय, रिपोर्ट एकवीसला देतो. चौदालाच हवा असेल तर यंत्राची पाळी बदलून द्या.’ नकार, कारण, आपली तारीख आणि काय केलं तर जमेल, एवढं एका दमात सांगा. आधी माफी मागू नका आणि लांबण लावू नका. असं उत्तर दिल्यावर बाईंनी तिथल्या तिथे फोन उचलून यंत्राची पाळी बदलून घेतली असती, हे मी खात्रीने सांगते. दुसऱ्यांच्या बाबतीत मी ते झालेलं पाहिलंय.

मत मागितलं तर द्या. न मागता दिलंत तरी चालतं. कॉलेजातून इंटर्नशिपला आलेली मुलगी विभागप्रमुखाला ‘मला हे पटत नाही’ म्हणते, आणि तो खुर्ची तिच्याकडे वळवून ‘का?’ असं विचारतो, हे इथलं रोजचं चित्र आहे. तुम्ही मीटिंगमध्ये गप्प बसलात तर तुम्ही आदर दाखवताय असं कोणाच्याही मनात येत नाही. एक तर तुम्हाला पटलंय असं धरतात, नाहीतर तुमचं काही मतच नाही असं. दुसरं जास्त वाईट.

यामागे इथली मातीही आहे. देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. बांध राखायला आणि पाणी उपसायला सगळ्या जमीनदारांना एकत्र बसावंच लागे, म्हणून तेराव्या शतकापासून इथे पाणी मंडळं आहेत आणि ती आजही निवडणुका घेऊन चालतात. पुढे 1982 मध्ये वासेनार या गावी कामगार संघटना आणि मालकांनी बसून करार केला, पगारवाढीला आवर आणि त्या बदल्यात कामाचे तास कमी. सगळ्यांनी बसून तोडगा काढायच्या या पद्धतीला ‘पोल्डर मॉडेल’ म्हणतात; पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून राखलेली सखल जमीन. आजही 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत कर्मचाऱ्यांची निवडून आलेली समिती असावी लागते आणि मोठे फेरबदल करताना मालकाला तिचं मत घ्यावं लागतं.

याची दुसरी बाजू म्हणजे निर्णयांना वेळ लागतो. एका स्क्रूच्या मापावर तीन मीटिंगा होतात. आपल्याला वाटतं, वरून कोणीतरी सांगून टाकावं आणि सुटावं. तसं होत नाही, आणि घाई करून उपयोग नाही. तुमचा मुद्दा महत्त्वाचा असेल तर मीटिंगच्या आधी दोघा-तिघांना कॉफीवर गाठा, कागदावर काढून दाखवा, त्यांच्या शंका ऐकून घ्या. मग मीटिंगमध्ये तुमच्या बाजूने बोलणारे तयार असतात. हे कारस्थान मानलं जात नाही, कामाचा भाग मानला जातो. मीटिंगमध्ये गप्प राहून रात्री लांबलचक मेल पाठवणं मात्र लोकांना अजिबात आवडत नाही.

आता टीकेबद्दल. सहकारी तुमचा अहवाल वाचून सगळ्यांसमोर म्हणेल, ‘हे मला नीट वाटत नाही, दुसरा भाग पुन्हा करावा लागेल.’ आधी कौतुक नाही, नंतर मलमपट्टी नाही. आपल्याकडे असं बोलणं झालं तर माणसं महिनाभर बोलत नाहीत. इथे तोच माणूस अर्ध्या तासाने तुमच्यासाठी कॉफी घेऊन येतो, आणि त्यात त्याचा कसलाही देखावा नसतो. तो अहवालाबद्दल बोलला होता. तेव्हा लगेच खुलासा देऊ नका. ‘नेमकं काय खटकलं?’ असं विचारा आणि लिहून घ्या. पटलं नाही तर तेही तितक्याच सरळ सांगा.

पण सरळ बोलणं म्हणजे फटकळपणा, असा समज करून घेऊ नका. काही जण वर्षभरात इथले झाल्यासारखे कोणालाही काहीही बोलू लागतात. डच माणूस कामावर बोलतो आणि सोबत कारण देतो. माणसाच्या कुवतीवर घसरलं की तोही दुखावतो. शिवाय आमचा ब्राबांट प्रांत, म्हणजे आइंडहोव्हनचा भाग, ॲमस्टरडॅमपेक्षा थोडा मऊ आहे, इथे हवापाण्याच्या दोन गोष्टी आधी होतात.

साहेबाला नावाने हाक मारायची. ‘सर’ म्हटलंत तर तो अवघडतो. मेलच्या पहिल्या ओळीत पदवी लिहायची गरज नाही. कॉफी मशीनकडे जाताना आजूबाजूच्यांना ‘कोणाला हवीय?’ असं विचारायचं, मॅनेजरही विचारतो आणि सहा कप ट्रेमध्ये घेऊन येतो. तो उठला म्हणून तुम्ही धावत त्याच्या हातातला ट्रे घेऊ नका, पुढच्या वेळी आपण उठा.

वेळेच्या बाबतीत एवढंच सांगते की दोन मिनिटं उशीर होणार असेल तरी निरोप पाठवा. ट्रेन रखडली हे सगळ्यांना समजतं, निरोप नसणं समजत नाही. भेट हवी असेल तर समोरच्याच्या कॅलेंडरमध्ये वेळ घ्या, पंधरा मिनिटांची असली तरी. आणि रात्री आठपर्यंत बसून राहू नका. साडेपाचला ऑफिस ओस पडतं, सहाला घरोघरी जेवणं सुरू होतात. उशिरापर्यंत बसणाऱ्याला मेहनती समजत नाहीत, कामाचा अंदाज चुकला असं समजतात. भार खरोखर जास्त असेल तर मॅनेजरला यादी दाखवा आणि विचारा, ‘यातलं काय मागे ठेवू?’

दुपारी बाराला सगळे एकत्र जेवतात. जेवण म्हणजे ब्रेडचे काप, चीज, आणि बऱ्याच जणांकडे ताकाचा पेला. हो, ताकच, फक्त घट्ट आणि आंबट, जिऱ्या-मिठाशिवाय. वीस मिनिटांत उरकतं आणि मग इमारतीभोवती एक फेरी मारून येतात. तुमचा पोळीभाजीचा डबा बिनधास्त उघडा, पण स्क्रीनसमोर एकट्याने खाऊ नका. कुठला प्रोजेक्ट लांबणार, कोण सोडून चाललंय, कुठल्या टीममध्ये जागा निघतेय, हे सगळं मला त्या फेरीतच कळत आलंय. त्या वेळी बोलणं बऱ्याचदा डचमध्ये वळतं. म्हणून भाषेचा वर्ग पहिल्याच वर्षी लावा. तुम्ही अडखळलात की लोक चटकन इंग्रजीवर येतात. त्यांना सांगा, ‘थांबा, डचमध्येच बोला.’ पाच वर्षांनी राहण्याचा कायमचा परवाना किंवा नागरिकत्व हवं असेल तर भाषेची परीक्षा द्यावीच लागते, मग ती कॉफीच्या टेबलावर शिकलेली काय वाईट?

वाढदिवस तुमचा असला तरी केक तुम्हीच आणायचा. आमच्या भागात फ्लाय नावाचा फळांचा गोल केक नेतात. मी नारळाच्या वड्या नेते, डबा अकरापर्यंत रिकामा होतो. शुक्रवारी संध्याकाळी पेयपानाचा कार्यक्रम असतो. बियर घेतलीच पाहिजे असं काही नाही, सोडा घेऊन उभे राहा, पण जा. शाकाहारी असाल तर तळलेले गोल बिटरबालेन खाताना जपून, आत बहुधा गोमांसाचं सारण असतं. चीजच्या कांड्या चालतात. आणि नंतर कोणी जेवणाच्या खर्चातला तुमचा चार युरोंचा वाटा टिकी ॲपवर मागितला तर मनाला लावून घेऊ नका, लगेच भरून टाका.

भिडेपायी आपली माणसं सर्वांत जास्त नुकसान करून घेतात ते हक्कांच्या बाबतीत. पूर्णवेळ नोकरीत वर्षाला किमान 20 दिवस रजा कायद्याने असते, बऱ्याच कंपन्या 25 किंवा त्याहून जास्त देतात. ती घ्यायचीच असते. कायद्याने मिळणारे दिवस वापरले नाहीत तर साधारणपणे पुढच्या वर्षी 1 जुलैला बाद होतात. भारतात चार आठवडे जायचंय? जानेवारीत तारखा सांगा, सहसा कोणी अडवत नाही. जूनमध्ये मागितलेत तर सगळ्यांच्या सुट्ट्या लागून गेलेल्या असतात. सुट्टीचा भत्ता म्हणून वार्षिक पगाराच्या किमान 8 टक्के रक्कम मिळते, बहुतेक ठिकाणी मे महिन्यात. त्यावर भारताची तिकिटं निघतात.

आजारी असाल तर सकाळीच फोन करून कळवा आणि झोपा. डॉक्टरचा दाखला आणावा लागत नाही, फॅमिली डॉक्टर तो देतही नाही. काय झालंय हे विचारायचा मॅनेजरला अधिकार नाही, ‘कधीपर्यंत बरं वाटेल असं वाटतं?’ एवढं तो विचारू शकतो. आजार लांबला तर कंपनीचा नेमलेला डॉक्टर भेटतो, त्याला सगळं मोकळेपणाने सांगा, तो तपशील मालकाला देत नाही. मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान 70 टक्के पगार द्यावा लागतो. ताप अंगात घेऊन ऑफिसला येणाऱ्याचं इथे कौतुक होत नाही, त्याला घरी पाठवतात.

तासही कमी करून घेता येतात. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने काम झालं की तुम्ही लेखी अर्ज करू शकता, बदल हवा त्याच्या दोन महिने आधी. ठोस कारणाशिवाय मालकाला नाही म्हणता येत नाही. मुलगा झाल्यावर मी चार दिवसांचा आठवडा घेतला, पगार त्या प्रमाणात कमी झाला, जबाबदाऱ्या तशाच राहिल्या. बाप झालेले पुरुष सहकारीही बुधवारी किंवा शुक्रवारी घरी असतात आणि ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडून आलेल्या मुलांना मी आवर्जून सांगते की बाळ झाल्यावर एक आठवडा पूर्ण पगारी रजा मिळते, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत आणखी पाच आठवडे 70 टक्क्यांवर घेता येतात. साहेब काय म्हणेल, या विचाराने ते दिवस सोडू नका. बायको परक्या देशात, आई-सासू जवळ नाही, तेव्हा ते दिवस सोन्याचे असतात.

शेवटी कराराबद्दल, कारण तिथे भीड फारच महाग पडते. पहिला करार बहुधा वर्षाचा असतो. तो वाढणार की नाही हे मालकाने संपण्याआधी किमान महिनाभर लेखी कळवावं लागतं. तुम्ही त्याची वाट बघत बसू नका, तीन महिने आधी स्वतः विचारा. आणि कधी एखाद्या बंद खोलीत बोलावून, परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा कागद पुढे ठेवला, तर त्या खोलीत सही करू नका. माणसं कितीही गोड बोलत असोत, ‘वाचून कळवते’ म्हणा आणि कागद घरी आणा. सही केलीत तरी 14 दिवसांत कारण न देता माघार घेता येते, पण मुळात ती वेळ येऊ देऊ नये. आजारी रजेवर असाल तर सल्ल्याशिवाय अजिबात सही नको, आजारपणातल्या सरकारी भत्त्याचा हक्क जाऊ शकतो. कुशल स्थलांतरिताच्या परवान्यावर असाल तर नोकरी संपल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, म्हणून नोकरीची शेवटची तारीख पुढे ढकलायला सांगा. तेवढी मागणी रास्त समजली जाते. कागद कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा, एफएनव्ही किंवा सीएनव्ही या कामगार संघटनांचे सदस्य असाल तर तिथे दाखवा. वकिलाच्या फीचा वाटा कंपनी बऱ्याचदा उचलते, फक्त तो मागावा लागतो.