कृत्रिम वृषण 'बिघडलं' असं वाटतंय? या चुका टाळा

कॅन्सर, पीळ पडणं किंवा जन्मतः खाली न उतरलेलं वृषण, कारण काहीही असो, त्या जागी बसवलेलं इम्प्लांट बहुतेकांना वर्षानुवर्षं त्रास देत नाही. मग एक दिवस ते लहान, कडक किंवा सरकल्यासारखं हाताला लागतं आणि माणूस एकतर लाजून गप्प बसतो, नाहीतर दिवसातून दहादा दाबून बघतो.

आत काय बसवलंय तेच माहीत नसणं

सगळं इथूनच ठरतं. सलाईनच्या इम्प्लांटला (अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता) सिलिकॉनचं कवच आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. कवचाला चीर गेली किंवा व्हॉल्व्ह गळला की ते काही तासांत किंवा दिवसांत चपटं होतं. सलाईन शरीरात शोषलं जातं, त्यातून अपाय नाही. सिलिकॉन जेलचं मात्र फसवं: फुटलं तरी आकार तसाच राहू शकतो, कारण भोवतीची कॅप्सूल, म्हणजे शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेलं आवरण, जेल धरून ठेवते. भरीव सिलिकॉनचं गळण्याचा प्रश्नच नाही. डिस्चार्ज फाइलमधला स्टिकर शोधा: मॉडेल, साइझ, लॉट नंबर आणि सलाईनचं असेल तर किती मिली भरलं. स्टिकर हरवला असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथून नोंद मागवा.

सुई घालू देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भोवती पाणी साचल्यासारखं दिसलं की हायड्रोसील समजून कुणीतरी सुईने पाणी काढायला जातं आणि धड असलेलं इम्प्लांट टोचलं जातं. टेबलावर आडवं होण्याआधीच सांगा, 'या बाजूला इम्प्लांट आहे.' सोनोग्राफीवाल्यांनाही हेच सांगा, नाहीतर रिपोर्टमध्ये भलतीच गाठ यायची. जेल गळल्याची शंका सोनोग्राफीने फिटली नाही तर एमआरआय करतात. निव्वळ सिलिकॉन-सलाईनच्या इम्प्लांटमध्ये धातू नसतो, तरी तिथेही कल्पना द्याच.

थंडीला बिघाड समजणं

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा घसरला की अंडकोश आक्रसतो, इम्प्लांट वर चढल्यासारखं, टणक लागतं. कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर उभं राहून पुन्हा पाहा. खाली आलं तर काळजी नको. ऊब मिळूनही वरच, घट्ट आणि दुखरं राहिलं, तर भोवतीची कॅप्सूल आवळली असेल किंवा ते खरंच सरकलं असेल, मग यूरोलॉजिस्ट गाठा.

लालीवर मलम चोळत बसणं

कातडी लाल, गरम, चकचकीत, पातळ झाली किंवा टाक्यातून स्राव आला तर त्याच दिवशी जा. जंतू इम्प्लांटवर थर धरून बसतात, नुसत्या गोळ्यांनी ते सहसा हटत नाहीत. इम्प्लांट काढून, अँटिबायोटिक देऊन, जखम पूर्ण भरल्यावर काही महिन्यांनी नवं बसवतात. बाहेर डोकावणारं इम्प्लांट बोटाने आत ढकलू नका.

दुसऱ्या बाजूची कळ इम्प्लांटवर ढकलणं

एकच वृषण शिल्लक असताना अचानक तिथे जोराची कळ, मळमळ आली तर ते पीळ पडणं असू शकतं. वृषण वाचवायला हाताशी साधारण सहा तास असतात. सुरगाण्याहून निघायचं तर नाशिकपर्यंतचा रस्ताही त्यातच धरा.

बदलताना आणि नंतर

बदल तातडीचा नसतो, सलाईनचं चपटं झालं तरी आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. जांघेतून चीर घेतलेली बरी, अंडकोशावरच्या चिरेतून इम्प्लांट बाहेर येण्याचा धोका जास्त. गळलेलं जेल पुसून, गरजेनुसार कॅप्सूलसकट काढावं लागतं. सर्जनने टाका फक्त इम्प्लांटला त्यासाठी दिलेल्या पट्टीतूनच घालायचा, कवचाला सुईचा ओरखडाही नको. सलाईन सांगितलं तेवढंच: कमी भरलं तर घडी पडून कवच तिथेच झिजतं, जास्त भरलं तर ताण येतो.

पुढचे चार ते सहा आठवडे लंगोट किंवा सपोर्टर वापरा. सायकल, बाइक आणि बागेतला ट्रॅक्टर तोवर दुसऱ्याच्या हाती द्या.