कार्डिफला जाताय? किल्ला बघून झाला की थांबू नका

वेल्सची राजधानी कार्डिफला गेलं की लोक किल्ला आणि कार्डिफ बे (पाण्याकाठचा भाग) बघतात आणि परत लंडनची ट्रेन पकडतात, पण खरी मजा शहराबाहेर आहे. माझं पहिलं मत सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयाला. वेल्सभरातून जुनी घरं, चॅपल, शाळा उचलून आणून इथे पुन्हा उभी केलीयेत, एंट्री फ्री, फक्त पार्किंगचे पैसे. त्यात मर्थर या गावाहून आणलेली कामगारांच्या ६ घरांची एक चाळ आहे, हो चाळच म्हणेन मी, पहिलं घर १८०५ सारखं सजवलेलं आणि शेवटचं १९८५ सारखं, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलात की १८० वर्षं सरतात. अर्धा दिवस सहज जातो.

केरफिलीचा किल्ला ट्रेनने २० मिनिटांवर, चारी बाजूंनी पाणी आणि एक बुरूज चांगलाच कललेला.

बिग पिटला मात्र नीट प्लॅन करून जा. जुनी कोळसा खाण, ९० मीटर खाली उतरवतात, मोबाईल, बॅटरीचं घड्याळ सगळं वरच जमा करावं लागतं, म्हणजे खाली सेल्फी विसरा. जॅकेट घ्या, उन्हाळ्यातही थंडी वाजते.

सली आयलंड या किनाऱ्याजवळच्या बेटावर ओहोटीत चालत जायचं तर भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा, इथे पाणी फार झपाट्याने चढतं आणि दरवर्षी कोणी ना कोणी अडकतं.