आधी बर्फ, मग गळ

स्किपजॅक मासा धरायला जायचं ठरलं की माणूस गॅरेजमध्ये शिरून आधी रॉड काढतो. मीही दोन हिवाळे तेच केलं. आता आदल्या रात्री मी पहिल्यांदा कूलर धुतो. या माशाची सगळी किंमत त्याच्या रक्तात आणि तेलात आहे, आणि पाण्याबाहेर आल्या क्षणापासून ती उतरायला लागते.

नवख्यांसाठी सांगतो. स्किपजॅक हेरिंग म्हणजे आपल्या पाला माशाच्या, म्हणजे हिलसाच्या, गोतातला मासा. तसाच चंदेरी, तेलकट आणि काट्यांनी भरलेला. टेनेसी नदीच्या काठी त्याला कुणी ताटात घेत नाही, तो ब्लू कॅटफिशला आमिष म्हणून घालतात. ब्लू कॅटफिश म्हणजे आपल्या शिंगाळ्याचा आडदांड अमेरिकी भाऊबंद. १९९६ साली आमच्या इथल्या व्हीलर जलाशयात १११ पौंडांचा, म्हणजे पन्नास किलोंचा एक निघाला होता. अशा धुडाला गांडूळ दाखवून चालत नाही.

मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलचा, त्यामुळे माझं धरण गंटर्सव्हिल. पण पायथ्याला वीजगृह असलेलं टेनेसी नदीवरचं कुठलंही धरण घ्या, तयारी तीच. पूर्वी हा मासा नदीतून वर वर जायचा. आता वाटेत भिंत लागते, मग तिच्या पायथ्याशी थवे साचतात. टर्बाइनमधून गरगरत आलेले अर्धमेले छोटे मासे तिथे आयते मिळतात. भिंत लागली की काय होतं ते मिसिसिपीवर दिसलं. १९१३ साली किओककचं धरण झालं आणि स्किपजॅकची वरची वाट बंद झाली. एबनीशेल नावाच्या शिंपल्याची पिल्लं याच माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासा वर जाईना, तसा धरणाच्या वरच्या नदीतून तो शिंपलाही संपत गेला.

बर्फापाशी परत येऊ. मोठा कूलर, निदान दोन पिशव्या बर्फ आणि एक किलो जाडं मीठ. तिथे पोचल्यावर थोडा बर्फ, थोडं पाणी आणि मीठ कालवून गार चिखल करायचा, मासा गळातून सुटला की थेट त्यात. पाच-दहा मिनिटांत कडक झाला की काढायचा, झिपच्या पिशवीत घालायचा आणि ती पिशवी कोरड्या बर्फावर ठेवायची. म्हणजे न वितळलेल्या बर्फावर, धूर निघतो त्या कोरड्या बर्फावर नव्हे. कूलरची तोटी उघडी ठेवा. एका जानेवारीत मी दमून घरी आलो आणि चाळीस मासे रात्रभर वितळलेल्या पाण्यात तसेच पडू दिले. सकाळी कल्ले पांढरेफटक, पोटं फुटलेली, आणि गळाला लावावं तर मांस लापशीसारखं ओघळतंय. कॅटफिशनं त्याला तोंडही लावलं नाही. जिवंत ठेवायचा विचार तर करूच नका. हा मासा बादलीत काही मिनिटांतच उलटा होतो. शिवाय जिवंत आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणं म्हणजे इथल्या नद्यांत माजलेल्या उपऱ्या सिल्व्हर कार्पच्या पिल्लांना फुकट गाडी देणं.

दुसरी गोष्ट विसर्ग. कोयनेचे दरवाजे किती फूट उघडले हे पावसाळ्यात पेपरात वाचत मोठं झालेल्याला क्युसेक समजावून सांगायला नको. ही धरणं चालवणाऱ्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या ॲपवर प्रत्येक धरणातून तासागणिक किती पाणी सोडणार याचा अंदाज मिळतो. तो आदल्या रात्री आणि निघताना, असा दोनदा बघा. टर्बाइन बंद असतील तर अंथरुणातच राहिलेलं बरं. थांबलेल्या पाण्यात स्किपजॅक असला तरी तोंड उघडत नाही. मला थंडीतली पहाट आणि तीस-चाळीस हजार क्युसेकचं सलग पाणी आवडतं. सीगल एकाच जागी घिरट्या घालून खाली झेपावत असतील, तर गाडी लावायच्या आधीच जागा ठरली.

तेच पाणी जीवही घेतं. टर्बाइन सुरू होण्याआधी भोंगा होतो, तो ऐकला की सामान उचलून वरच्या दगडांवर जायचं, ‘एकच शेवटचा टाकतो’ म्हणायचं नाही. माझी एक बादली, तीत दहा मासे आणि चांगली पक्कड, या एका वाक्यापायी वाहून गेली. काठावरूनही लाइफ जॅकेट घाला. होडीतून जाणार असाल तर अलाबामात जलविद्युत धरणाखालच्या ८०० फुटांत ते अंगावर असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. भिंतीजवळ होड्यांना मनाईची हद्द असते, तिचे फलक वाचा. दगड शेवाळलेले असतात, म्हणून तळाला पकड असलेले बूट हवेत. कपाळाला लावायचा दिवा हवा, हातातला नव्हे.

परवान्याचं थोडक्यात. अलाबामाचा परवाना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट चालतो, त्यामुळे सप्टेंबरात हमखास कुणीतरी जुना कागद घेऊन येतो. नदी एकच असली तरी ती टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी आणि केंटकी अशी चार राज्यं बघते. किती मासे, दोरीला किती गळ, फेकजाळं चालतं की नाही, हे त्या त्या राज्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत बघून घ्या.

आता रॉड. सात फुटी, मध्यम-हलका, दहा पौंडी दोरी. सबिकी म्हणजे एकाच दोरीला सहा छोटे चकचकीत गळ आणि खाली शिसं. दुकानात ती जादू वाटते. तीन मासे एकदम लागतात आणि तिन्ही तीन दिशांना उड्या मारतात, तेव्हा तिचा गुंता होतो, थंडीनं बधिर झालेल्या बोटांना तो सुटत नाही. टार्पन म्हणजे उड्यांसाठी नावाजलेला समुद्री मासा, आणि हा उगाच ‘टेनेसी टार्पन’ म्हणवत नाही. मी सबिकी मधोमध कापून तीनच गळ ठेवतो, आणि पोहायच्या फोमच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळून नेतो, नाहीतर गाडीच्या सीटला तिचा पहिला मासा लागतो. सबिकी नसली तरी अडत नाही. एक-अष्टमांश औंसाच्या जिगवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, पांढरं, शेपूट वळवळणारं रबरी आमिष पुरतं. पळतं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं, त्या रेघेच्या पलीकडे टाकायचं आणि प्रवाहालाच ते वळवू द्यायचं. जोराचा झटका मारू नका, तोंड कागदासारखं फाटतं.

हातात आलेला मासा एकदा दिव्याखाली नीट बघा. पाठीवर निळा-हिरवा रंग, त्यावर सोनेरी झाक, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला, रागावलेल्या म्हातारीसारखा. पाठीवरच्या पराला मागे लांब धागा असेल, तर तो गिझर्ड शॅड. तोही आमिष म्हणून चालतो, पण पिशवी वेगळी. खवले मात्र बाहीवर, चष्म्यावर, स्टिअरिंगवर आठवडाभर सापडत राहतील, म्हणून जुनी फडकी आणि कचऱ्याची एक मोठी पिशवी न्या.

घरची तयारी निघण्याआधीच करून ठेवायची, कारण परतल्यावर अंगात त्राण नसतं. फ्रीझरमध्ये ताटाएवढी जागा रिकामी ठेवा. मासे धुवायचे नाहीत. रक्त आणि बुळबुळीतपणा धुतलात तर वासच गेला. पुसून, एकमेकांना न चिकटतील असे ताटात मांडून दोन-तीन तास कडक करायचे आणि मगच व्हॅक्यूमच्या पिशवीत घालायचे. मऊ मासा घातला की यंत्र रक्त ओढून घेतं आणि पिशवीचा जोड चिकटत नाही. एका पिशवीत एका फेरीपुरते, म्हणजे पाच-सहा. गळाला मी आधी डोकं लावतो. ते टणक असतं, छोट्या माशांना कुरतडून नेता येत नाही. शेपटी फेकून द्या, ती पाण्यात नुसती भिंगरीसारखी फिरते.

आणि शाईचा पक्का पेन. पिशवीवर तारीख आणि धरणाचं नाव लिहा, सहा महिन्यांत वापरा. गेल्या गणपतीत आमच्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाच्या पाकिटांखाली माझी एक पिशवी दडली होती. ती काकडून पांढरी पडलेली, वर नाव नाही. बायकोनं रात्रीच काढून ओट्यावर ठेवली. सकाळी पाहुणे यायच्या तासभर आधी तिनं हाक मारली, “अरे, हे सारणाचं खोबरं डोळे वटारून बघतंय माझ्याकडे!” तेव्हापासून माझा फ्रीझर गॅरेजमध्ये आहे.